टिपण कोणी लिहिले?

दिवाळी अंकात, फराळाच्या ताटाशेजारी, कायदेमंडळाची गोष्ट कशाला, असे संपादकांनी मला विचारले नाही. हा त्यांचा चांगुलपणा. वाचक मात्र विचारणारच. त्यांना एवढेच सांगते की, गोष्ट कायद्याची असली तरी तीत कलमे फार नाहीत. माणसे आहेत, आणि त्यातही बाया अधिक आहेत.

कायदा कोण करते? शाळेतल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात याचे उत्तर एका ओळीत दिलेले असते: लोकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी. उत्तर खोटे नाही. पण लग्न कोण लावते, या प्रश्नाला ‘भटजी’ असे उत्तर द्यावे, तितकेच ते खरे आहे. मांडवात भटजी दिसतात. याद्या कोणी केल्या, आहेराची वही कोणी ठेवली, रुसून बसलेल्या आत्याबाईंची समजूत कोणी घातली, हे अक्षता टाकणाऱ्याला दिसत नाही. कायद्याचेही तसेच आहे. सभागृहात हात वर होतात ते आपल्याला दिसतात. त्याआधी सहा महिने कोणीतरी टेबलाशी बसून कागद काळे केलेले असतात, ते दिसत नाहीत.

अमेरिकेची काँग्रेस घ्या. (तिथे काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे, कायदेमंडळ, आपल्याकडच्या वाचकांचा या शब्दाने नेहमी घोटाळा होतो.) तिच्या प्रतिनिधिगृहात 435 सभासद. प्रत्येकाला पदरी 18 कायमची माणसे ठेवता येतात, शिवाय 4 तात्पुरती. त्यातली काही मतदारसंघातली कचेरी सांभाळतात, बाकीची राजधानीत. दर दोन वर्षांच्या मुदतीत दहा हजारांहून अधिक विधेयके पुढे येतात. त्यातल्या काहीशेंचाच पुढे कायदा होतो. ही सगळी विधेयके स्वतः वाचणारा सभासद अजून जन्माला यायचा आहे! मतदानाची घंटा वाजते, सभासद लगबगीने सभागृहाकडे निघतो, आणि चालता चालता कोणीतरी त्याच्या हातात एक कागद ठेवते. विधेयक कशाचे, बाजूने कोण, विरुद्ध कोण, मतदारांची पत्रे काय म्हणतात, आणि म्हणून साहेबांनी काय करावे, हे सगळे त्या एका पानात बसवलेले असते. हे पान म्हणजे टिपण. ते लिहिणारे माणूस बहुधा विशी-तिशीतले असते, आणि त्याचे नाव टिपणावर असो वा नसो, कायद्यावर कधीच येत नाही.

आता या टेबलांशी वर्षानुवर्षे पुरुषच बसत आले, तर टिपणात काय येईल आणि काय राहून जाईल, याचा विचार करा. बायका त्या कचेऱ्यांत होत्या. पण टंकलेखन करायला, टेलिफोन घ्यायला आणि भेटीच्या वेळा ठरवायला. वरच्या जागेचा प्रश्न निघाला की काय होई, याची एक नोंद खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात आहे. 1974 साली लुइझियाना राज्याचे एक प्रतिनिधी ऑटो पासमन यांनी आपल्या कचेरीतल्या शर्ली डेव्हिस या बाईंना पत्र देऊन कामावरून दूर केले. पत्रात स्तुती होती. बाई कर्तबगार आहेत, उत्साही आहेत, कष्टाळू आहेत. परंतु कचेरीचा व्याप पाहता आपल्या मुख्य साहाय्यकाच्या हाताखालच्या त्या जागेवर पुरुषच असणे अगत्याचे आहे, असा एकंदर मजकूर. नोकरीत स्त्री-पुरुष असा भेद करू नये, असा कायदा याच काँग्रेसने 1964 साली देशाला घालून दिला होता. मात्र सभासदांच्या स्वतःच्या कचेऱ्या त्यातून वगळल्या होत्या. दुसऱ्याच्या पोराला कानपिचक्या देणे सोपे असते! कामगारांचे कायदे स्वतःला लावून घ्यायला काँग्रेसला 1995 साल उजाडावे लागले. डेव्हिसबाईंनी थेट घटनेचा आधार घेतला, आणि 1979 च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की, त्यांना दाद मागता येईल. मिळाली असे नव्हे, मागता येईल.

त्या वेळी प्रतिनिधिगृहात 16 स्त्रिया होत्या आणि सिनेटच्या 100 जागांत एक. सभागृहाला लागून स्त्रियांसाठी स्वच्छतागृह सिनेटमध्ये 1993 च्या सुमारास झाले आणि प्रतिनिधिगृहात 2011 साली. तोवर भगिनी सभासद मतदान टाळून किंवा धावत जाऊन वेळ निभावीत. ही गोष्ट क्षुल्लक आहे असे ज्याला वाटेल, त्याने एकदा परगावच्या लग्नात बायकांच्या जानवसघरात दिवस काढून पाहावा.

तेव्हा या पार्श्वभूमीवर 1980 साली वॉशिंग्टनमध्ये एक योजना सुरू झाली. स्त्रियांच्या प्रश्नांवर अभ्यास करणाऱ्या एका संस्थेने, तिचे नाव विमेन्स रिसर्च अँड एज्युकेशन इन्स्टिट्यूट, पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनींना काँग्रेसच्या कचेऱ्यांत बसवायचे ठरवले. तीन वर्षे आधी, 1977 साली, एलिझाबेथ होल्ट्झमन आणि मार्गारेट हेकलर या दोन सभासदांनी, एक डेमोक्रॅट तर दुसरी रिपब्लिकन, स्त्री-सभासदांचा एक गट बांधला होता. त्या गटातल्या सभासदांकडे किंवा एखाद्या समितीकडे या मुलींची नेमणूक व्हायची. मुदत जानेवारी ते ऑगस्ट. पुढे ही योजना विमेन्स काँग्रेशनल पॉलिसी इन्स्टिट्यूट या संस्थेकडे आली. तिकडे न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी, तिथल्या सरकारी विद्यापीठानेही 1983 पासून अशीच शिष्यवृत्ती ठेवली. तिथल्या कायदेमंडळाचे कामकाज जानेवारीपासून जूनपर्यंत चालते. त्या दिवसांत मुलगी कचेरीतही जाणार आणि विद्यापीठाचा अभ्यासही करणार.

या शिष्यवृत्तीत मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तिचा हिशेब. विद्यावेतन संस्था देते, काम सभासदाचे होते. फुकट मिळालेले हुशार माणूस कोणती कचेरी नाकारील? म्हणजे दारावर ‘स्त्रियांना न्याय द्या’ अशी पाटी घेऊन उभे राहण्यापेक्षा, ‘तुमची पत्रे तुंबली आहेत, एक मुलगी पाठवू का?’ असे विचारायचे. मुलगी आत शिरते. पहिले पंधरा दिवस ती पत्रांना उत्तरे लिहिते. मग एखाद्या विधेयकावर लक्ष ठेवायचे काम तिच्याकडे येते, मग समितीपुढे येणाऱ्या साक्षीदारांना साहेबांनी काय विचारावे, याचे प्रश्न काढायचे, मग टिपण. विद्यापीठात तिला चाळीस पानांचा प्रबंध लिहायची सवय असते. इथे एक पान. या एका पानात जे शिकायला मिळते, ते चाळीस पानांत मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. प्राध्यापकमंडळींनी रागावू नये.

बायकांना हे वेगळे लाड कशाला, असा आक्षेप तिथेही निघतोच. लाड म्हणावे तर ते आधी इतरांचे झाले होते. राज्यशास्त्राच्या अभ्यासकांसाठी अशी योजना तिथे 1953 पासून आहे. शास्त्रज्ञांसाठी 1973 पासून. लष्करसुद्धा आपले अधिकारी वर्षभरासाठी सभासदांच्या कचेऱ्यांत पाठवते, आणि ते तिथे नुसते कवायत शिकवायला जात नाहीत. ज्याला ज्याला कायद्यात आपले हित सांभाळायचे आहे, तो तो आपले माणूस त्या टेबलाशी बसवतो. बायका उशिरा आल्या, एवढेच.

पण एक खुर्ची मिळाल्याने खरोखर काय घडते? याला माझ्याजवळ एक उदाहरण आहे. ते या शिष्यवृत्तीच्या दहा वर्षे आधीचे आहे, आणि ते वाचल्यावर ही कल्पना कोणाला ना कोणाला सुचणारच होती, असे वाटते.

बर्निस सँडलर या बाई 1969 साली डॉक्टरेटचे काम पुरे करून एका विद्यापीठात अर्धवेळ शिकवीत होत्या. त्यांच्याच विभागात सात जागा निघाल्या. त्यांचा विचारही झाला नाही. का, असे त्यांनी एका सहकाऱ्याला विचारले, तेव्हा त्याने खाजगीत सांगितले की, तुमची पात्रता उत्तम आहे, पण बाईमाणसाच्या मानाने तुम्ही फार जोरात असता. पुढे आणखी एकाने त्यांना सांगितले की, बायका मुले आजारी पडली की घरी राहतात. तिसऱ्याने तर त्यांचे कागद पाहून निदान केले की, तुम्ही मुळात गृहिणी, पुन्हा शाळेत गेलेल्या. सँडलरबाई घरी आल्या आणि वाचायला बसल्या. रडायला नव्हे, वाचायला. नागरी हक्कांच्या सरकारी आयोगाचा एक अहवाल त्यांच्या हाती होता. त्यात एका अध्यक्षीय हुकमाची माहिती होती: सरकारी कंत्राट घेणाऱ्याने नोकरीत वंशभेद करू नये. त्या हुकमाला एक तळटीप होती. तळटिपा वाचणाऱ्या माणसांची आपण थट्टा करतो. पण या बाईंनी पान उलटून ती वाचली. अध्यक्ष जॉन्सन यांनी हुकमात दुरुस्ती करून स्त्री-पुरुष भेदालाही मनाई केली होती, आणि ती 1968 च्या ऑक्टोबरपासून लागू झाली होती. विद्यापीठे तर सरकारी कंत्राटे घेतच होती! म्हणजे मनाई त्यांनाही होती, फक्त कोणी सांगितलेली नव्हती. एका स्त्री-संघटनेच्या वतीने सँडलरबाईंनी सुमारे अडीचशे विद्यापीठे आणि महाविद्यालये यांच्याविरुद्ध तक्रारी गुदरल्या.

हे कागद ऑरेगनच्या प्रतिनिधी एडिथ ग्रीन यांच्यापर्यंत पोचले. शिक्षणाच्या एका उपसमितीच्या त्या प्रमुख होत्या. 1970 च्या जून-जुलैत त्यांनी साक्षी घेतल्या आणि त्या साऱ्या साक्षी छपाईसाठी लावायला सँडलरबाईंनाच समितीच्या नोकरीत घेतले. स्त्रियांच्या हक्कांच्या कामासाठी म्हणून काँग्रेसच्या समितीने नेमलेल्या त्या पहिल्याच. जवळजवळ 1300 पानांचे बाड तयार झाले. ते सभासदांना वाटले गेले. कोणत्या विद्यापीठात मुलींना प्रवेशाची मर्यादा किती, बाई प्राध्यापकाला पगार किती कमी, हे आता कोणाच्या तक्रारीत नव्हते. काँग्रेसच्या छापील दप्तरात होते. ग्रीनबाई पक्क्या मुरलेल्या. त्यांनी स्त्री-संघटनांना बजावले की, या कलमासाठी आरडाओरडा करू नका, शिष्टमंडळे आणू नका. लोकांचे लक्ष गेले की विरोध जागा होईल. कलम शिक्षणाच्या एका मोठ्या विधेयकात गुपचूप बसले आणि 23 जून 1972 रोजी अध्यक्ष निक्सन यांची सही झाली. तोच ‘टायटल नाइन’. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणक्रमात स्त्री किंवा पुरुष म्हणून कोणाला वगळता येणार नाही, एवढे सांगणारे त्यातले मुख्य वाक्य इंग्रजीत 37 शब्दांचे आहे. 1300 पाने आणि 37 शब्द! या कायद्यासाठी झगडलेल्या हवाईच्या पॅट्सी मिंक यांना तरुणपणी एकामागून एक वैद्यकीय महाविद्यालयांनी दार बंद केले होते. म्हणून त्या वकील झाल्या. 2002 साली त्या वारल्यावर कायद्याला त्यांचे नाव दिले गेले. सँडलरबाई 2019 पर्यंत होत्या.

एक धोका मात्र मला दिसतो. या शिष्यवृत्तीवर आलेल्या मुलीकडे पाळणाघरे, बाळंतपणाची रजा आणि मारहाण झालेल्या बायकांचे आश्रम एवढीच विधेयके सरकवायची, आणि बँका, कर, लष्कर हे विषय मुलग्यांच्या टेबलावर ठेवायचे, अशी वाटणी सहज होऊ शकते. घरात पुरणाचा स्वयंपाक तिच्याकडे आणि जमिनीचे कागद त्याच्याकडे, तशीच ही. लिंडी बॉग्ज यांची हकीकत अशा वेळी सांगावी. त्याही लुइझियानाच्याच, आणि साल तेच 1974. म्हणजे पासमन यांनी ते पत्र लिहिले त्या वर्षीची ही गोष्ट. बॉग्जबाई नवख्या सभासद, बँकांच्या समितीवर. कर्ज देताना भेदभाव करू नये असे एक कलम चर्चेला होते; वंश, वय असे शब्द त्यात होते. स्त्रीचा उल्लेख नव्हता. त्या काळी बाईला नवऱ्याच्या सहीवाचून बँक उभी करीत नसे. बॉग्जबाईंनी कागद उचलला, शेजारच्या खोलीत गेल्या, स्त्री-पुरुष भेद आणि विवाहित-अविवाहित हा भेद करू नये असे शब्द स्वतःच्या हाताने लिहिले, यंत्रावर प्रती काढल्या आणि प्रत्येक सभासदापुढे एकेक ठेवली. आपणां सर्वांच्या नजरचुकीनेच हे राहिले असणार, अशा गोड शब्दांत त्यांनी समजूत घातली. समितीने कलम एकमताने मान्य केले. ही समिती स्त्रियांची नव्हती, बँकांची होती.

आकडे कुठे ठरतात, तेही पाहण्यासारखे आहे. बाळंतपण, आजारपण यासाठी रजेचा कायदा अमेरिकेत 1993 च्या फेब्रुवारीत झाला. पॅट श्रोडर यांनी 1985 साली पहिले विधेयक आणले तेव्हा मुलाच्या जन्मासाठी 18 आठवडे मागितले होते. दोनदा, 1990 आणि 1992 साली, अध्यक्ष बुश यांनी विधेयक परत धाडले. शेवटी क्लिंटन यांनी सही केली तेव्हा आठवडे 12 उरले होते, तेही बिनपगारी, आणि तेही पन्नास किंवा अधिक माणसे कामावर असतील तिथेच. अठराचे बारा कुठल्या भाषणात झाले नाहीत. ते टेबलाशी बसून, एकेक आठवडा सोडत, एकेक मत जोडत झाले. त्या घासाघिशीत रजेचा हिशेब अंगावर काढलेले कोणीतरी टेबलाशी असणे, यालाच मी महत्त्व देते.

पैशाची गोष्ट निघाली की आदर्श जरा खाली बसतात. वॉशिंग्टनला घरभाडे भयंकर. उमेदवारीला येणाऱ्या मुलामुलींना काँग्रेसच्या बहुतेक कचेऱ्या पूर्वी एक पैही देत नसत. ज्यांचे वडील भाडे भरू शकत, तीच मुले अनुभव घेत आणि पुढे तीच नोकरीला लागत. 2018 साली काँग्रेसने यासाठी वेगळी रक्कम काढली, तेव्हा प्रतिनिधिगृहातल्या प्रत्येक कचेरीला वर्षाला 20,000 डॉलर मिळू लागले. त्याआधी जवळजवळ चाळीस वर्षे ही शिष्यवृत्ती जे विद्यावेतन देत होती, त्याची खरी किंमत इथे कळते. वडील भाडे भरू शकत नाहीत, अशी मुलगीही त्यामुळे आत येऊ शकली. अर्थात् अशा योजनांचा पैसा दात्यांकडून येतो. त्यात धर्मादाय निधी असतात, कंपन्याही असतात, आणि ज्याचा पैसा त्याची मर्जी, हा नियम समुद्रापलीकडेही लागू आहे. डोळे उघडे ठेवावेत हे बरे.

1980 साली सतरा असलेल्या स्त्री-सभासद 2025 च्या जानेवारीत दोन्ही सभागृहे मिळून सुमारे दीडशे झाल्या. हे काही या शिष्यवृत्तीने झाले असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणारे प्रसिद्धिपत्रक असते, लेख नव्हे.

आपल्याकडेही या जातीची एक योजना आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दिल्लीची पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था 2010 पासून पदवीधर तरुणांना एकेका खासदाराबरोबर काम करायला धाडते. पावसाळी अधिवेशनाच्या आधीपासून अर्थसंकल्पाचे अधिवेशन संपेपर्यंत. ती मुलग्यांना आणि मुलींना सारखीच खुली आहे. स्त्रियांसाठी म्हणून राखलेली नाही. काम तेच: प्रश्नोत्तराच्या तासासाठी प्रश्न काढणे, विधेयकांवर टिपणे, भाषणाचे मुद्दे, खासगी विधेयकाचा खर्डा. फरक एक मोठा आहे. तिकडे सभासद बहुधा आपल्या मनाने मत देतो, म्हणून टिपणाचा परिणाम मतावर होतो. इथे 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षाचा आदेश निघाला की खासदाराचे टिपण खिशात राहते. खासगी विधेयकाचे म्हणाल, तर असे शेवटचे विधेयक संसदेने 1970 साली मंजूर केले. असे असूनही प्रश्नोत्तराचा तास आहे, समित्या आहेत, आणि नीट विचारलेल्या प्रश्नाला मंत्र्याला लेखी उत्तर द्यावे लागते. ते उत्तर पुढे कोणाची तरी तळटीप होऊ शकते.

लोकसभेत 2024 साली 543 पैकी 74 स्त्रिया निवडून आल्या. एकतृतीयांश जागा राखून ठेवणारी घटनादुरुस्ती 2023 च्या सप्टेंबरात झाली आहे. ती अमलात येण्याआधी जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना व्हायची अट तीत घातली आहे. ती जेव्हा येईल तेव्हा दीडशेहून अधिक भगिनी, कित्येक पहिल्यांदाच, त्या सभागृहात बसतील. त्यांच्या हाती चालता चालता कागद कोण ठेवणार? नवरा, दीर की पक्षाचा कार्यकर्ता? ग्रामपंचायतीत आपण ‘सरपंचपती’ पाहिला आहे. त्याची बढती होऊन तो दिल्लीला जाऊ नये, यासाठी त्या टेबलाशी बसणाऱ्या मुली आतापासून तयार व्हायला हव्यात.

राज्यशास्त्रात एम. ए. करणारी एक मुलगी माझ्याकडे कधीमधी पुस्तके न्यायला येते. तिला या दिल्लीच्या योजनेविषयी सांगितले, तेव्हा तिने आधीच सगळी माहिती काढून ठेवली होती असे दिसले. राहण्याचे काय, हा प्रश्न तिने सोडवला होता. हिंदीचे काय, हाही. अडचण एकच राहिली होती. अर्जासाठी वयाची मर्यादा आहे पंचवीस, आणि घरी तिच्यासाठी स्थळे पाहायची मर्यादाही तीच ठरली आहे.